आभार बाकी आहेत

भाषणाला माणसं येतात आणि आभाराला उठतात, हा जगाचा नियम आहे. "आता आभारप्रदर्शन" एवढं कानावर पडलं की खुर्च्या कुरकुरतात, पिशव्या उचलल्या जातात, खुर्चीखाली सरकलेल्या चपला पायांनी चाचपल्या जातात, आणि आभार मानणारा बिचारा लोकांच्या पाठींचे आभार मानून घरी जातो. या गावात मात्र सगळं उलटं. भाषणात डुलक्या काढणारे आभाराला डोळे चोळून ताठ बसायचे. काही महाभाग तर भाषण चुकवून नेमके आभाराला यायचे, आणि वर वक्त्याला "फार छान बोललात हं" असं सांगूनही जायचे. याला कारण एकच, आभारकाकू.

काकूंचं बाजाराच्या तोंडाशी चष्म्यांचं दुकान. पालिकेचा भाड्याचा गाळा, इतका अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. एका भिंतीला आरसा, समोरच्या भिंतीला अक्षरांचा तक्ता, आणि कोपऱ्यात भिंगं घासायचं यंत्र. ते सुरू झालं की दुकानात बोलणं बंद. नवा चष्मा घातला की माणूस आरशात स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतो, काकू त्याच्या कानांकडे बघायच्या. "डावा कान वर आहे तुमचा," त्या म्हणायच्या. "घाबरू नका, सगळ्यांचाच एक कान वर असतो. देव घाईत होता." मग चष्म्याची काडी गरम वाळूच्या डब्यात धरायची, अंगठ्याने हलकेच वाकवायची, पुन्हा कानावर चढवायची. चष्मा नाकावरून घसरला की काकूंना स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटायचं.

या दुकानातून त्या व्यासपीठावर कशा पोचल्या, तर एका मोडक्या चष्म्यामुळे. दुकान तेव्हा सासऱ्यांचं होतं आणि काकू नव्या सूनबाई होत्या. जुन्या तोलघरात दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यान असे. कधी गावाचा इतिहास, कधी पाणी आणि गटारं, कधी कथा-कविता. एका शनिवारी वक्ते स्वतःच्याच चष्म्यावर बसले. चष्मा धावतपळत दुकानात आला, सासऱ्यांनी जोडला आणि सूनबाईंना म्हणाले, "जा, देऊन ये. आणि ढिला होत नाही ना, ते बघून ये."

सूनबाई दाराशी उभ्या राहिल्या, चष्म्यावर नजर ठेवून. वक्ते गावातल्या गल्ल्यांवर बोलत होते. बोलता बोलता ते बाजारामागच्या ओल्या गल्लीवर आले, आणि सूनबाईंचे कान टवकारले. त्यांचं घर त्याच गल्लीत. त्या घराची स्वयंपाकघराची भिंत बारा महिने ओली, आणि सासूबाईंच्या मते दोष सुनेचा. "हिच्या हाताला धरबंध नाही. पाणी नुसतं सांडते. माहेरी विहीर होती वाटतं उशाला." लग्न झाल्यापासून हेच ऐकत होत्या. आणि इथे हा चष्मेवाला माणूस शांतपणे सांगत होता की त्या गल्लीखालून एक ओढा वाहतो, तो बुजवून वर घरं बांधली, म्हणून तिथल्या भिंती ओल्या आहेत आणि ओल्याच राहणार.

सूनबाई घरी गेल्या त्या चालत नव्हे, तरंगत. पाटावर बसलेल्या सासूबाईंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "भिंत माझ्यामुळे ओली नाही. खाली ओढा आहे." सासरे खाली मान घालून हसले. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, पण त्या भिंतीवरून पुन्हा शब्द काढला नाही. आपल्यावरचा आळ खोटा आहे हे आपल्याला आतून माहीत असतं, पण ते चारचौघांत, माईकवरून कोणी सांगावं, याचं सुख काकूंना जन्मात विसरता आलं नाही. पुढचा शनिवार त्यांनी चुकवला नाही, आणि त्याच्या पुढचाही.

तोलघर म्हणजे एके काळी बाजारात येणारा माल तोलायची पालिकेची जागा. जाड भिंती, उंच छत, आणि छताच्या मधोमध एक लोखंडी आकडा. त्याला पूर्वी मोठा तराजू टांगलेला असे, आता पंखा होता. तो फिरायचा कमी आणि डुलायचा जास्त, त्यामुळे त्याच्या बरोब्बर खाली बसायला कोणी धजत नसे. बैठक चालवायचे मास्तर. तेव्हा शाळेत नवे होते; पुढे निवृत्त झाले तरी हातातला खडू सुटला नाही.

एकदा भाषण संपलं आणि आभार मानणारे गृहस्थ गायब. मास्तरांनी चहूकडे नजर टाकली आणि पहिल्या रांगेतल्या काकूंना म्हणाले, "तुम्ही बोला." काकू उठल्या आणि बोलल्या. वक्त्यांचे मानले, अध्यक्षांचे मानले, श्रोत्यांचे मानले, शेजारून सतरंज्या देणाऱ्यांचेसुद्धा मानले. सगळे पांगले. काकू निघाल्या तर दाराशी पालिकेचा शिपाईमामा हाताची घडी घालून उभा. तेव्हा तो तरणाबांड होता, पण मामा तेव्हापासूनच.

"दिवे घालवा की मामा."

"कसे घालवू? कार्यक्रम संपला नाही."

"अहो, आभार झाले!"

"झाले? खुर्च्या कोणी लावल्या? पाणी कोणी ठेवलं? तो पंखा पडू नये म्हणून देवाचं नाव कोण घेत होतं? आभार पुरे झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. इथला कायदा आहे."

कायदा त्याने तिथल्या तिथे केला होता. काकूंनी जीभ चावली, परत व्यासपीठावर गेल्या आणि रिकाम्या सभागृहात, बंद माईकवरून, मामांचे रीतसर आभार मानले. मग मामांनी दिवे घालवले. ही गोष्ट मास्तरांना इतकी आवडली की त्यांनी दाराजवळच्या नियमांच्या फळ्यावर रंगाने लिहूनच टाकलं: "आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपला असे समजू नये." हेतू एवढाच, की लोकांनी मधेच उठू नये.

तेव्हापासून आभार काकूंकडे आले ते आलेच. भाषण त्यांनी कधी केलं नाही. मास्तरांनी दोनदा गळ घातली तर म्हणाल्या, "बोलायला खूप जण आहेत. ऐकलंय हे सांगायला कोणी नाही." पण त्यांचे आभार म्हणजे गोड सुरी. एका कवींनी श्रोत्यांच्या नाकी नऊ आणले, तेव्हा काकू म्हणाल्या, "कवींचे आभार. शेवटची कविता म्हणाले, ती खरंच शेवटची निघाली." रस्त्यांवरच्या व्याख्यानानंतर म्हणाल्या, "पालिकेचे आभार. खड्डे इतकी वर्षं जिवापाड जपले, म्हणून वक्त्यांना पुराव्यासाठी लांब जावं लागलं नाही." पुढच्या शनिवारच्या आत खड्डे बुजले. मग पालिकेतली माणसं काकूंना रस्त्यात भेटली की हात जोडायची, "काकू, काम करतो, पण आभार तेवढे मानू नका."

एका वाक्याला मात्र काकूंच्या राज्यात बंदी होती. "मी आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणं पसंत करतो." हे कोणी म्हटलं की काकूंच्या कपाळाला आठ्या. "ही चिक्कू माणसाची युक्ती," त्या म्हणायच्या. "दोन शब्द तोंडातून काढायचे जिवावर येतं, म्हणून ऋणाचं सोंग. मान की सरळ!" यावर त्यांचे यजमान, म्हणजे काका, चहा ढवळत म्हणायचे, "अगं, इतकी वर्षं मी तुझ्या ऋणात आहे, ते काय चिक्कूपणाने?" आणि काकू म्हणायच्या, "नाहीतर काय!"

असं सगळं सुरळीत चाललेलं कोणाला बघवत नाही. नवे नगराध्यक्ष आले. बोलणं असं की कोपराला गूळ लावून देतील आणि चाटा म्हणतील. त्यांच्या डोक्यात तोलघराच्या जागी बहुउद्देशीय संकुल आलं. खाली दुकानं, वर दुकानं आणि मध्ये जिना. उद्देश एकच होता, पण नाव बहुउद्देशीय. मास्तरांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, चकरा मारल्या. प्रत्येक वेळी चहा मिळाला आणि वाटाण्याच्या अक्षता. शेवटी निर्णय आला: अखेरचा एक कार्यक्रम करा, मग किल्ली द्या. कार्यक्रमाला नगराध्यक्ष स्वतः येतील आणि तोलघराला निरोप देतील.

"खाटकाने बकरीच्या निरोप समारंभाला यावं तसं," काकू म्हणाल्या.

मास्तर दुकानात आले होते. त्यांनी घाबरून मागे वळून बघितलं. "ताई, हळू. आणि एक विनंती आहे. शनिवारी फक्त आभार. टोमणा नको, चिमटा नको. तुमचा गाळा पालिकेचा आहे, विसरू नका. जायचंच आहे तर निदान शोभेनं जाऊ."

काकू काडी वाळूत धरून उभ्या होत्या. ती जरा जास्तच तापली आणि वाकडी झाली. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

"बरं," त्या म्हणाल्या. "आभाराशिवाय एक अक्षर बोलणार नाही. शब्द देते."

मास्तर गेले आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते. जिथे आपल्यावरचा आळ पुसला गेला, जिथे चार माणसांत उभं राहायला आपण शिकलो, ती जागा एक माणूस पाडणार आणि आपण त्याला माईकवरून धन्यवाद द्यायचे? काका काउंटरच्या पलीकडून बघत होते. म्हणाले, "अगं, नको जाऊस. तब्येतीचं कारण सांगू."

"तब्येत ठणठणीत आहे माझी," काकू म्हणाल्या. "जिवावर येतंय, एवढंच. पण जाणार."

शनिवारी तोलघर ओसंडून वाहत होतं. पंख्याखालच्या खुर्च्यासुद्धा भरल्या, म्हणजे बघा. वार्ताहर आले होते, फोन वर धरलेले होते. एका अभ्यासक बाईंनी तोलघराचा इतिहास सांगितला. इथे माप खोटं निघालं तर व्यापाऱ्याला सगळ्यांदेखत पुन्हा तोलून द्यावं लागे, हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि व्यासपीठाकडे बघितलं. मग नगराध्यक्ष उठले. त्यांचा चष्मा परगावचा, महागाचा आणि ढिला. प्रत्येक वाक्याला घसरायचा, प्रत्येक वाक्याला ते वर ढकलायचे. काकूंना दुसरं काही दिसेचना. डावा कान वर होता.

नगराध्यक्षांनी साहित्याचं महत्त्व सांगितलं, विकासाचं सांगितलं. टाळ्या काही पडेनात. माणूस टाळ्यांसाठी हपापला की तोंडाला लगाम राहत नाही. ते एकदम हात वर करून म्हणाले, "काही जण म्हणतात, आम्ही तुम्हाला घालवतोय. कोण घालवतंय? हा कार्यक्रम संपेपर्यंत हे सभागृह तुमचंच आहे! तोपर्यंत इथली एक खुर्चीसुद्धा कोणी हलवणार नाही. हा माझा शब्द आहे, आणि शब्द म्हणजे शब्द!"

टाळ्या पडल्या. तास-दीड तासाचा प्रश्न होता. तेवढं औदार्य कोणालाही परवडतं.

काकूंच्या मांडीवर आभाराचा कागद होता. त्यांची नजर दाराकडे गेली, मास्तरांच्या फळ्याकडे, आणि तिथून फळ्याखाली उभ्या मामांकडे. मामांचे केस आता पांढरे होते, हाताची घडी तीच. काकूंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि उठल्या.

"आभार मानायला उभी आहे," त्या म्हणाल्या. "आभाराशिवाय एक अक्षर बोलणार नाही, असा मास्तरांना शब्द दिलाय. वक्त्या बाईंचे आभार. माप खोटं निघालं तर पुन्हा तोलायचं, हे त्यांनी वेळेवर सांगितलं. सतरंज्या देणाऱ्यांचे आभार. माईकवाल्यांचे आभार. पंख्याखाली बसलेल्यांच्या धाडसाचे आभार. आमच्या ह्यांचे आभार, आज ते जागे आहेत."

हशा झाला. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला, तो जरा लवकरच.

"आता राहिले दोघं. नगराध्यक्ष साहेब आणि शिपाईमामा. साहेबांनी आत्ताच मोठ्या मनाने शब्द दिला, कार्यक्रम संपेपर्यंत सभागृह आमचं. आणि कार्यक्रम कधी संपतो, ते दाराजवळ लिहिलंय. तेव्हा या दोघांचे आभार मी आज मानत नाही. ते बाकी आहेत. आता मध्यंतर. कार्यक्रम पुढच्या शनिवारी, याच वेळी, याच जागी पुढे चालू होईल."

आणि त्या खाली बसल्या.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग दाराजवळच्या एकाने फळा मोठ्याने वाचला, आणि जो हशा उसळला तो थांबता थांबेना. पंखासुद्धा जोरात डुलला म्हणतात. नगराध्यक्षांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, तो वर ढकलायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यांचा माणूस तरातरा मामांकडे गेला.

"किल्ली द्या."

"कार्यक्रम संपल्यावर द्यायची ना, साहेब?" मामा नम्रपणे म्हणाले. "आत्ता मध्यंतर आहे."

"मध्यंतर आठवडाभर असतं का?"

"मी शिपाई माणूस. मला आभार झाले की नाही एवढंच कळतं."

मास्तर डोकं धरून बसले होते. काकू जवळ गेल्या, तशी म्हणाले, "ताई, तुम्ही शब्द दिला होता!"

"पाळला की! आभाराशिवाय काही बोलले का?" काकू म्हणाल्या. मास्तरांनी विचार केला, मग खिशातून खडू काढला आणि बाहेरच्या फळ्यावर लिहून आले, 'पुढील शनिवारी, पुढे चालू.'

पोलीस बोलावता आले असते. पण शब्द आणि फळा दोन्ही सकाळच्या वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापून आले, निवडणूक तोंडावर होती, आणि ज्याचं गावभर हसू झालंय त्याला दंडुका उगारता येत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राग निघाला तो काकूंच्या गाळ्यावर. नोटीस आली: दुकानाची पाटी रस्त्यावर येते, काढा. काकूंनी पाटी काढली. गाळ्याचं भाडं वाढलं, काकूंनी भरलं. गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट ज्यांना चष्म्याची गरज नव्हती तेही "जरा काडी बघा हो" म्हणत येऊ लागले. काका म्हणाले, "अगं, आपण रस्त्यावर आलो तर?" काकू म्हणाल्या, "तर रस्त्याचे आभार मानीन."

शनिवारामागून शनिवार गेले. व्याख्यानं होत राहिली: नव्या पुलावर, जुन्या पत्रांवर, कचऱ्यावर, कवितेवर. शेवटी काकू उठायच्या, सगळ्यांचे मानायच्या आणि म्हणायच्या, "दोघांचे बाकी. आता मध्यंतर." पालिकेने एक कारकून नेमला. तो दर शनिवारी शेवटच्या रांगेत फोन सुरू करून बसायचा, काकूंच्या तोंडून ते दोन आभार निसटतात का ते टिपायला. बिचाऱ्याला साहित्याची गोडी लागली, पण काम झालं नाही. पुढे ते नगराध्यक्ष गेले, दुसरे आले, संकुलाचा कागद तसाच राहिला आणि कारकूनही तसाच राहिला.

साहेबांचे आभार बाकी ठेवायला काकूंना काही कष्ट पडत नव्हते. कष्ट होते ते मामांचे बाकी ठेवायचे. खुर्च्या लावताना मामा दिसले की दोन शब्द ओठांवर यायचे आणि गिळावे लागायचे. ज्या माणसाने किल्ली दिली नाही, ज्याची त्यापायी दोनदा बदली होता होता राहिली, ज्याला साहेब लोक येता-जाता घालूनपाडून बोलले, त्याला कधी आभारी आहे म्हणायचं नाही!

आणि मामांचा निवृत्तीचा शनिवार आला. मास्तरांनी त्यांना हाताला धरून व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं. आयुष्यभर मांडलेल्या खुर्चीत मामा पहिल्यांदा बसले, तेही अर्धेच, उठायच्या तयारीत. माणसं त्यांच्यावर बोलली. कारकून शेवटच्या रांगेतून पुढे येऊन बसला. त्याने फोन वर धरला. आज बाई मानणारच. आज न मानून चालेल कसं?

काकू उठल्या. माईक जवळ ओढला आणि मामांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली, त्यांना बघवेना.

"मामा," काकू म्हणाल्या, "जन्मभर मी एका वाक्याला नावं ठेवली. चिक्कू माणसाचं वाक्य म्हणाले. आज ते मला म्हणायचंय." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मी तुमचे आभार मानत नाही. मी तुमच्या ऋणात राहणं पसंत करते. आता मध्यंतर. पुढचा शनिवार, हीच वेळ."

कारकुनाने फोन खाली घेतला आणि रुमालाने नाक पुसलं.

मामा डोळे पुसत हसत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "मानले असते तर मला उठून दिवे घालवावे लागले असते." मग त्यांनी खिशातली किल्ली काढून दाराशी उभ्या नव्या शिपायाच्या हातात दिली. त्याने विचारलं, "मामा, ही पालिकेत कधी जमा करायची?"

"कार्यक्रम संपला की," मामा म्हणाले. "आता आधी खुर्च्या आवर. शनिवारी पुन्हा लावायच्या आहेत."